मालीम जेटीवरून तिमाही अहवाल

वेंकटराघवन सर,
तुमच्या तक्त्यात हे बसत नाही
म्हणून असंच लिहितेय, रायबंदरच्या खोलीतून,
जिचं भाडं मार्चपासून थकलंय.
घरमालकीण फिलोमेना भाड्याचं काढत नाही,
जिन्यात भेटली की विचारते, जेवलीस?
ते जास्त लागतं.

रोख शिल्लक : सत्तेचाळीस हजार दोनशे.
कंपनी काढली बर्फाची
आणि तुम्ही दर वेळी विचारलंत, महिन्याला जळतात किती?
एक लाख दहा हजार, सर.
वितळतात म्हणा हवं तर.
म्हणजे तेरा दिवस उरले.
तेराचा आकडा आईला सांगितलेला नाही.

आपण भेटलो मोरजीच्या शॅकमध्ये.
तुम्ही सुट्टीवर, अर्ध्या चड्डीत,
मी इस्त्रीच्या शर्टात, कीबोर्डमध्ये वाळू.
गोव्यात काम करतं कोण, म्हणालात हसून,
आणि सुरमई मागवलीत.
ती पहाटे चारला मालीमला उतरली होती,
कुणाच्या तरी ओल्या, सुरकुतल्या बोटांतून.
हे मी बोलले नाही.
चौदाव्या स्लाइडवर होतं ते.
आपण नवव्यावर थांबलो.

नवव्यावर बाजारपेठ होती :
देशातले सगळे ट्रॉलर
गुणिले त्यांचे बर्फाचे खण
गुणिले आमची हाव.
गणित बरोबर होतं.

तुम्ही नाही म्हणाला नाहीत.
कळवत राहा, म्हणालात.
सात महिने कळवत राहिले.
आमच्या सरकारी कचेऱ्यांत ह्याला फाल्यां म्हणतात
आणि वर सुशेगाद आम्हीच.

मनुष्यबळ :
ऑस्बर्ट गेला. वेर्ण्याला, औषधांच्या कारखान्यात, पगारावर.
सोल्डरिंग गन मागे ठेवलीय त्यानं.
परत येणार म्हणून नव्हे,
ती बिघडलीय म्हणून.
भांडलो नाही आम्ही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.
त्याच्या मुलीच्या बारशाला की बाप्तिस्म्याला,
बघा, हेही मला आठवत नाही,
मी फोनवर तुमच्या सहायकाशी बोलत बाहेर उभी होते.

ग्राहक :
एकतीस ट्रॉलरांवर डबी बसवली, तीन महिने फुकट.
चौथ्या महिन्यात तीस जणांनी काढून दिली,
पुसून, पिशवीत घालून, सौजन्यानं.
बर्फ कितलो उरला तें हात घालून कळटा गो,
मिलाग्रीसनं समजावलं मला,
आणि कोपरापर्यंत हात खणात घालून दाखवला.
दोन वर्षं, पाच आवृत्त्या, एक पेटंटचा अर्ज,
आणि त्याचा तो हात.

पण एकतिसावा तोच.
महिन्याला तीनशे, रोख, माशांचा वास असलेले.
मी विचारलं, मग कशाला?
त्यानं बायकोकडे बोट केलं.

पिएदाद अंश बघत नाही.
खोल समुद्रात आमची डबी मुकी होते,
ह्याच दोषाबद्दल तुमच्या तज्ज्ञानं आम्हाला झापलं होतं.
बोट किनाऱ्याच्या टप्प्यात आली, रेंज मिळाली,
की साठलेलं सगळं तापमान एकदम
तिच्या फोनवर येऊन पडतं,
टिंग टिंग टिंग टिंग.
ती उठते
आणि भात टाकते.

हे कुठल्या स्लाइडवर घालायचं, सर,
मी खरंच विचारतेय.
त्या बाईला विकत होते मी काहीतरी
आणि मला माहीत नव्हतं काय.

जूनपासून दोन महिने मासेमारी बंद.
तीनशेही बंद.
दाबोळीला विमानं उतरतायत, सुट्टीची माणसं,
त्यातल्या कुणाकडे तरी पैसा असेल,
इस्त्री करून ठेवलाय शर्ट.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
माझाही फोन वाजला.
शून्य पूर्णांक चार. शून्य पूर्णांक चार. शून्य पूर्णांक सहा.
मी उठून बसले अंधारात.
सर्व्हरचं भाडं पाच तारखेला आहे.

कळावे,
गौतमी लोटलीकर