हे इमान कोन्हाचं

नाव लिहून घेतलंय तुझं. अकरावा नंबर.
पावती आत्ता नाही मिळायची,
पावतीपुस्तक मन्मथमास्तरांच्या पिशवीत
आणि पिशवी खांद्याला लावून मास्तर
मानवतच्या पोरांना रस्ता दाखवायला फाट्यावर गेलेत.
थांब जरा. सगळेच थांबलेत.

सेलूच्या जिनिंगमागचा हा माळ.
काल रात्री मोबाईलच्या उजेडात
बाभळीचे काटे वेचले आम्ही चौघांनी.
चुन्याची रेघ वाकडी पडली आहे,
दिसते मला. तू नको सांगूस.
रेघ मारणाऱ्याची कंबर धरली आहे,
तो तिकडे चहा गाळतोय.

घड्याळवाले ते इर्शादभाई.
ऐन लग्नसराईत स्टुडिओ बंद ठेवून आलेत.
गेल्या वर्षी मी त्यांच्याशी भांडलो,
दोन सेकंदांवरून.
ते म्हणाले, एक मिनिट बारा.
मी म्हणालो, चौदा.
माझा आवाज असा चढला
की जोंधळ्यावरची पाखरं उठली.
इर्शादभाईंनी चष्मा पुसला,
बाराचे चौदा केले, शाईवर शाई.
म्हणाले, घ्या.

ढाल मिळाली. थोडे दिवस टीव्हीवर होती,
आता कपाटाच्या डोक्यावर आहे, भिंतीकडे तोंड करून.

पण ते नंतरचं. त्याच दिवशी, शेवटच्या फेरीत
माझं विमान बांधापलीकडे गेलं.
मी निघणार तोच हरभऱ्यातून एक बाई आली,
ओला पापड न्यावा तसं
दोन्ही तळहातांवर ते धरून.
मोडका पंख तिनं अंबाडीच्या सुतळीनं बांधला होता.
रेघेवर उभी राहून विचारलं,
"हे इमान कोन्हाचं हाय?"

माझ्याकडं पाहिलं सगळ्यांनी.

"कोन्हाचं इमान पडलं हो मपल्या हरभऱ्यात?
उचला की. कामून कोन्ही बोलंना?"

माझं, एवढंच म्हणायचं होतं.
नाही म्हणता आलं.
तिनं ते पाण्याच्या जारशेजारी ठेवलं
आणि गेली, बांधाबांधानं,
स्वतःच्याच रानातून, एकही झाड न तुडवता.

तूही तसाच जा. लांब पडतं. पडू दे.
घाटे भरत आलेत आता.

आणि ती घार बघ. घिरट्या घालतेय,
तिथं नांगरलेल्या काळ्या रानातून ऊन हवा चढते.
तुझ्याआधी कुणी तिच्यावर डोळा ठेवून
हात उचलला असेल तर त्याला सोडू दे.
पुढ्यात जाऊ नकोस. कानाशी 'आता, आता' करू नकोस.
त्याचं विमान वर गेलं तर
निदान मान तरी वर कर.
ती आठवीतली पोरगी, लाल रिबिनवाली,
तिचं पहिलं उड्डाण सात सेकंद झालं.
हसला नाहीस, मी पाहत होतो.

यंदा दुसरं घड्याळ माझ्याकडे आहे.
मागून घेतलं मी, इर्शादभाईंकडून.
त्यांनी ते पुसून दिलं, चष्म्यासारखंच.
तेव्हा तुझी वेळ मी मोजणार.
जोंधळ्याआड विमान दिसेनासं झालं
की मी बटण दाबणार.
तुला वाटेल, अजून वर आहे.
मलाही वाटेल.
तरी दाबणार.
चुकलो असं वाटलं तर ये, शेजारी बस, सांग.
इथं पगारी कुणी नाही,
आणि उन्हानं आमचेही डोळे दिपतात.

ते बघ, मास्तर आले. पावती घे.
तुटलेलं रबर खिशात टाक,
संध्याकाळी इथं शेळ्या चरतात.

थांबशील ना शेवटपर्यंत?
खुर्च्या बेचाळीस आहेत,
मंगल कार्यालयात सातच्या आत पोचवायच्या
आणि टेम्पो एकच आहे.