पुन्हा मंगळवार

ऑकलंड ते सान्तियागो: साडेनऊ हजारांवर किलोमीटर,
अकरा तास. खाली नुसतं पाणी,
एक दिवा नाही.

मंगळवारी दुपारी तीनला एलेउतेरिओ
फोनवर धाकट्या भावाला नको ते बोलला,
वडिलांच्या होडीवरून.
सहाला विमानात. जेवण तसंच परत पाठवलं,
समोरच्या ट्रेची खिटी
फिरवत राहिला रात्रभर.

उतरला तर मंगळवारच. दुपारचा एक.
घड्याळ मागे घेताना त्यानं हिशेब केला:
भांडायला अजून दोन तास आहेत.

निबाल्दो दाराशी उभा, टोपी हातात.
त्याच्याकडे ते सगळं काल रात्रीचं,
आता शिळं.
"काठावरच आहे होडी," म्हणाला,
"रंग उडालाय.
बॅग दे इकडे."