कारणाचा रकाना

पणजी, १९२७

अक्षर बरं म्हणून मला मरणाचं बुक मिळालं.
जन्माचं आंतोनिनकडे. त्याच्या मेजावर
कधी पेरादाची वडी, कधी पानात गुंडाळलेले पेढे.

माझ्याकडे माणसं येतात अनवाणी, ओल्या पंचानं,
आणि सुरुवात करतात फार मागून :
गाय कधी व्याली, छप्पर कधी शाकारलं, मग पहिला ताप.
रकाना दीड बोटाचा. त्यात मावेल असा एक शब्द हवा,
तोही पोर्तुगीज.
दोतोराचा दाखला ज्याच्याकडे नाही
त्याचा दोतोर मीच.

मळ्यातला म्हाबळू सुतार म्हणतो,
तिन्हीसांजेची झरीवर गेली, तिथंच कुणीतरी धरलं तिला.
तीन दिवस कापत होती, चार गोधड्यांखाली.
मी लिहितो : हिवताप.
तो विचारतो, काय लिहिलंत?
तेच, मी म्हणतो. तू सांगितलंस तेच.

भाटल्याची फातमाबी दोन बोटं दाखवते. दोन दिवसांचा.
तेव्हा आंतोनिन आपलं बुक माझ्याकडे सरकवतो,
मी बापाचं नाव त्यातून उतरवून घेतो.
दोघांनाही खुर्चीवरून उठावं लागत नाही.

आणि फोंताइन्हासची दोना एर्मेलिंद,
काळे हातमोजे, अंगठ्यापाशी उसवलेले :
जुझिनचा रुमाल आम्ही पाहिलाच नाही, सिन्योर.
रोज धुतला, पण पाहिला नाही.
क्षय तेवढं नका लिहू. धाकटीचं ठरतंय साळगावला.
टाक दौतीत जरा जास्त वेळ राहिला.
छातीची सूज, मी लिहिलं.
त्या वर्षी अशा सात छात्या सुजल्या.

डिसेंबरात आरोग्य खात्याचा अहवाल आला, गुळगुळीत कागदावर :
शहरात क्षयाला उतार पडला आहे.
साहेबांनी उभं राहून वाचला. आंतोनिननं टाळ्या वाजवल्या.
मीही.

पान एकशे बारा मी सहसा उलटत नाही.
अक्षर तिथंही बरंच आहे, खाडाखोड नाही.
आवडी. विधवा. वय एकोणीस.
कळवणारा : भाऊ.
आमच्या विहिरीला छातीइतका कठडा आहे.
मी लिहिलंय : पाय घसरून.