शेळी शेतात गेली

मोबाईलवर एक मिनिट लावलं
आणि इंदल सुटला.
बोट ओळीखाली, मान पुस्तकात,
पूर्णविराम आला तरी श्वास नाही,
उतारावरून सायकल सोडावी तसा.
एकसष्ट शब्द. एकही चूक नाही.
खिडकीतून हळद शिजल्याचा वास येत होता,
कुणाची तरी कढई उतरली असावी.
"काय वाचलंस रे?"
"धडा, सर."
"आणि धड्यात काय होतं?"
त्यानं पुस्तकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
मग पूर्ण खात्रीनं म्हणाला,
"शब्द."

त्याच्या नावापुढं मी बरोबरची खूण केली.
रकाना वेगाचा होता.

मग सोजर.
तिसरीत आली तरी बाराखडीशी तिचा अबोला.
काना दिसला की थांबते,
वेलांटी दिसली की मागं वळून बघते,
कुणी हाक मारली का म्हणून.
पण फाट्यावर धुरळा उडाला
की पाटी दिसायच्या आधी सांगते,
"ही वसमतची न्हाई, औंढ्याची हाय."
कसं कळालं?
"दिसायलंय की."

खरंच आहे.
बांधावरून येणारा माणूस
आपण नाक, कान, डोळे जोडून ओळखत नाही;
चालीवरूनच म्हणतो,
हा तर गणपा सुताराचा थोरला.
शब्दही असाच लांबून ओळखू यावा
म्हणून महिनाभर मी वर्गात चिठ्ठ्या डकवल्या:
माठ. दार. खुंटी.
ट्यूबलाइटपाशी 'पाल' लिहून लावलं.
पाल दुसऱ्याच दिवशी निघून गेली,
शब्द तिथंच राहिला.
तेव्हापासून 'पाल' कुणाचाच चुकत नाही.

हं, तर सोजर.
"शे... ळी. शेळी. शे... ता... त. शेतात. गेली."
थांबली.
"वाच की पुढं."
"कुणाच्या शेतात, सर?"
"ते दिलेलं नाही. पुढं वाच."
"ति... ने. तिने पाला... खाल्ला."
पुन्हा थांबली. बोट शेळीवर ठेवलेलं,
जणू दावंच धरलंय.
"मंग लई भांडण झालं आसंल."
मिनिट वाजलं.
सहा शब्द.
प्रश्न लिहायला तक्त्यात जागा नव्हती.
मी समासात लिहिला, मग खोडला,
केंद्रप्रमुख विचारतील हे काय म्हणून.

रात्री झोप लागेना.
जुन्या हजेरीची कोरी पानं फाडून
चिठ्ठ्या करत बसलो.

सकाळी इंदलच्या हातात एक दिली.
उभा राहून त्यानं खणखणीत वाचली:
"इंदल, तुझी उजवी चप्पल माझ्या टेबलाखाली आहे."
वाचली, घडी घातली, बसला.
मागच्या रांगेत खुसखुस झाली.
ज्यांना चार अक्षरं धड लागत नाहीत
ती पोरं तोंडावर हात धरून हसायलेली.
इंदल शाबासकीची वाट बघत होता.
मग त्यानं घडी उलगडली.
ओठ हलले, आवाज आला नाही.
बोट 'चप्पल' पाशी थांबलं,
मान दाराकडं वळली,
जिथं सगळ्यांच्या चपला असतात,
आणि तो रांगत माझ्या टेबलाखाली शिरला.

वीस वर्षं मी पोरांचं वाचन ऐकत आलो.
डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

आता टेबलावर खडूचा रिकामा डबा ठेवलाय.
कुणी काहीही लिहून टाकावं, नाव घालू नये.
काल चार चिठ्ठ्या निघाल्या.
एकीवर नुसता बैल.
एकीवर 'खिचडीत मीट कमी'.
एकीवर माझ्याबद्दल काहीतरी, ते राहू द्या.
चौथी खूप घड्या घातलेली,
अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली:

सर ती शेळि आमची हुती

मागं दुसऱ्या हाताचं अक्षर, ठसठशीत,
एकही चूक नाही:

मग शेत आमचं होतं.

मी लाल पेन उघडलं.
पुन्हा बंद केलं.
खिडकीतून पाहिलं तर पटांगणात
दोघं समोरासमोर उभे,
आणि भोवती अख्खी तिसरी.