घंटेच्या आधी

माझं काम टोल द्यायचं.
घणसोली, सेक्टर सात, महापालिकेची शाळा,
जिन्याखाली पितळी थाळी टांगलेली,
तिच्या मधोमध अकरा वर्षांत माझ्या हातानं पडलेला
वाटीएवढा खड्डा.

जूनमध्ये पहिलीत दर्पण मढवी आला.
आईनं हात सोडला तसा भिंतीला लागून चालला,
गिलाव्यावर तळहात घासत
कोपऱ्यापर्यंत, आणि परत.
नाव विचारलं तर बाईंचा प्रश्न बाईंनाच परत दिला,
सुरासकट:
"नाव काय बाळा तुझं?"
पोरं हसली.
कोयंडे बाई हसल्या नाहीत.

मग माझा पहिला टोल पडला.
जिन्याखाली मला ऐकू आलं ते रडणं नव्हतं.
दारात कुणाची बोटं चेंगरावीत, तसं काही.

कुणी म्हणालं, लाड.
कुणी म्हणालं, बाहेरचं असेल, दिव्याला एक जण आहे बघणारा.
इंगवले सर म्हणाले, कायदा आहे, नाही म्हणता येत नाही,
आणि चष्मा पुसत बसले.

दर मंगळवारी वाशीहून एक मॅडम येते
चित्रांची कार्डं घेऊन.
दप्तर. डबा. शू. घर.
एक कार्ड तिनं माझ्या थाळीचं केलं,
स्केचपेननं, खड्ड्यासकट.
म्हणाली, मावशी, आवाज सोसेल हो त्याला,
अचानक नाही सोसत.

अचानक.
तो शब्द मी भाजीच्या पिशवीतून घरी नेला.
माझा माणूस तुर्भ्याच्या गोदामात गेला,
जेवणाच्या सुट्टीत, डबा अर्धा उघडलेला.
मला कुणी कार्ड दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून टोलाच्या दोन मिनिटं आधी जिना चढते,
गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देते,
पहिली 'ब'च्या दारात उभी राहते,
एक बोट वर.
बोलत नाही काही.
तो माझ्याकडे बघत नाही, बोटाकडे बघतो,
खालचा ओठ आत ओढतो, कानांवर हात ठेवतो.
आता बाकीची पस्तीसही ठेवतात,
शिकवलं कुणीच नाही,
प्रार्थनेचा नवा प्रकार असावा तशी बसतात.
मी खाली येऊन टोल देते.
हातोडीला जुन्या परकराचं फडकं बांधलंय.
तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत नाही अशी तक्रार आहे.
लेखी आहे.

सप्टेंबरात डेंगीनं मी आठवडाभर आडवी.
टोल दुसऱ्याच कुणी दिला, फडकं सोडून.
आल्यावर कोयंडे बाई म्हणाल्या,
पहिल्या दिवशी फार झालं.
दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच दारात जाऊन उभा राहिला,
दोन मिनिटं आधी,
स्वतःचं बोट वर करून.
घड्याळ येत नाही अजून त्याला.
पोरांनी कान झाकले.

माझं नाव त्यानं कधी घेतलेलं नाही.
एकदा फक्त सुट्टीत जिन्याखाली आला,
थाळीच्या खड्ड्यात तळहात ठेवला
आणि बराच वेळ तिथंच ठेवून उभा राहिला,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

दिवाळीनंतर विजेची घंटा बसणार आहे.
बटण दाबलं की चारही मजल्यांवर एकदम.
ठेकेदाराचा माणूस भिंतीवर खडूनं फुल्या मारून गेला.
तिला फडकं कुठं बांधायचं,
मी इंगवले सरांना विचारलं.
त्यांनी चष्मा काढला,
पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसले.

काल रात्री कुकर लावला होता.
दोन शिट्ट्या झालेल्या, तिसरी व्हायच्या बेतात,
वाफ खालून फुसफुसायला लागली
आणि माझा हात आपोआप वर गेला,
एक बोट.

घरात दुसरं कुणी नव्हतं.