हरकती व सूचना

मसुदा आला त्या दिवशी त्र्यंबक रोडच्या ऑफिसात
पंखा कुरकुरत होता, आणि दार आपटू नये म्हणून
दाराशी नेहमीचा काँक्रीटचा ठोकळा.
‘सार्वजनिक बांधकामांसाठी कंत्राट देण्याच्या पद्धती.’
कलमे बेचाळीस, अनुसूची तीन,
हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत.
देवरे साहेब म्हणाले, खैरनार बाई, तुम्ही बघा,
तुम्हाला लिहायची सवय आहे.
सवय मला मोजायची आहे.
तरी वाचलं.

कलम सात : सर्वात कमी दर हा एकमेव निकष असणार नाही.
इथे मी पेन खाली ठेवलं.
अठरा वर्षं लिफाफे फोडताना पाहिले,
लाखेचे, चिकटपट्टीचे, एकदा तर पीठ लावून डकवलेला.
मग लिफाफे गेले, पडद्यावर घड्याळ उलटं पळायला लागलं,
पण शेवटी वाचायचं तेच : इतके टक्के कमी.
कोणी बारा. कोणी सतरा.
हरसूल रस्त्यावरच्या मोरीला
दौलत पगारनं भरले अठ्ठावीस.
आडनाव पगार आणि माणसांचा पगार दोन महिने मागे,
हा विनोद त्यानंच केला होता,
सगळ्यांना चहा सांगून.

दरसूची मला तोंडपाठ.
पण शंभरातले अठ्ठावीस कुठे गेले
ते मोजमाप पुस्तकात सापडलं नाही.
सिमेंट जागेवर. सळई जागेवर.
खोदाई कठीण खडकातली, जरी तिथं
मुरूमच होता, हे मलाही दिसलं होतं.
पान अठरा, माझी सही.
पान एकोणीस, माझी सही.

सोमा गावितनं सांगितलं, तंबाखू मळता मळता :
‘बाई, क्यूब म्हणजे वर्गातला हुशार पोरगा.
साहेब तपासणीला आले की त्यालाच उभा करायचा.’
क्यूबचं घमेलं वेगळं होतं.
समनगावच्या मशीनखाली अठ्ठाविसाव्या दिवशी
तो फुटला, पण अगदी उशिरा, दाद द्यावी असा.
शेरा : समाधानकारक.

स्लॅबला मात्र चारच दिवस टँकर आला.
पाणी मारण्याचा वेगळा दर नसतो,
तो दरातच धरलेला असतो,
म्हणजे कमी करायला सगळ्यात सोपा.
पाचव्या दिवशी मी गेले तर
सोमाची बायको मंगळी ओहोळातून कळशी आणत होती,
गोणपाट उचलून बघायची, परत झाकायची, परत खाली उतरायची.
हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं.
कुणी सांगितलं तुला? मी विचारलं.
ती माझ्याकडे अशी बघत राहिली
जणू मीच काही विचित्र करते आहे.
‘सुकत होता ना.’

मोरी उभी आहे. दोन पूर गेले वरून.
पगारला त्यावर चांगल्या कामाचा दाखला मिळाला,
टायपिंग माझंच.

नव्या मसुद्यात गुणवत्तेला गुण आहेत,
अनुभवाला गुण, यंत्रसामग्रीला गुण,
आराखडा आणि बांधकाम एकाच हाती देता येईल,
दोष निघाला तर दहा वर्षं जबाबदार कोण तेही आहे.
मला खरंच बरं वाटलं. हरकत नाही.
सूचना म्हणून लिहिलं :
कलम दोन, व्याख्या.
‘कंत्राटदार’ आहे, ‘सल्लागार’ आहे, ‘सक्षम प्राधिकारी’ आहे,
पाणी मारणारी व्यक्ती नाही. समाविष्ट व्हावी.
वाचून पाहिलं. देवरे साहेब चष्म्यावरून बघतील,
वर मंत्रालयात कुणीतरी हसेल,
आणि पान अठरा, पान एकोणीस
कुणाला तरी उघडावंसं वाटेल.
खोडलं.

विभागाचा अभिप्राय : निरंक.
जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला, तारीख.

संध्याकाळी दार लावायला ठोकळा सरकवला
तेव्हा पहिल्यांदाच त्याची खालची बाजू दिसली.
कामाचं नाव पुसलेलं, तारीख खिळ्यानं कोरलेली,
कडा चारही शाबूत.
हा कधी मशीनखाली गेलाच नाही.