ब्लॉकवरचा नंबर

रबाळे एमआयडीसी, तिसरी गल्ली.
बॉनेट उघडं, आत पोकळी.
दाढ काढल्यावर जीभ जाते तशी
नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते.

इंजिन साखळीला लटकलंय.
वामन केणी डिपस्टिक माझ्या नाकाशी धरतो :
ऑइल दुधाळ, टपरीवरच्या कटिंगसारखं.
"पाणी आत गेलं, ताई. हेड वाकलं.
तुम्ही काटा बघितला नाही."

बघितला होता.
पाम बीचवर, पहाटे साडेपाचला,
छप्पर उघडं, वय त्रेपन्न,
काटा लाल रेघेला टेकला
आणि मी म्हटलं, अजून एकच सिग्नल.

फायबरची गाडी, दोन सीटांची.
बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
सुट्या भागांचं पुस्तक तेवढं माझ्याकडे आहे,
झेरॉक्सची झेरॉक्स,
नेमकं गॅस्केटचं पान पुसट.

केणीचा हिशोब सिगारेटच्या पाकिटावर.
कुर्ल्याच्या भंगारातून दुसरं इंजिन,
ठोकलेल्या गाडीचं, पण चाळीस हजारच पळालेलं.
माउंटिंग नवं, थोडं वायरिंग,
आरटीओचं तो बघेल. आठ दिवस.
"सोळा व्हॉल्व्ह! पारसिक हिल झोपेत चढेल."
पाकीट उलटं केलं : हेच उघडायचं तर
बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँक पॉलिश...
खाली बेरीज नाही.
पेन तिथेच थांबलेलं, शाईचा एक ठिपका मोठा होत गेलेला.

मी महिनाभर एकच वाक्य धरून होते :
नंबर जुळला पाहिजे.
आरसी बुकात जो, तोच लोखंडात.
तरच ही गाडी ही गाडी.

म्हणून ब्लॉक टेम्पोत घालून तुर्भ्याला,
गुलाम दलवींच्या लेथवर.
मूळचे महाडचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला.
त्यांनी डिझेलने धुतलं, तारेच्या ब्रशने घासलं.
काजळीतून एकेक आकडा वर आला,
शेवटचे तीन चारशे अठरा.
आरसीत चारशे एक्याऐंशी.

दलवी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.
"कारकुनाने उलटं लिहिलं असेल.
नाहीतर तुमच्या आधीच्या मालकाने
गुपचूप बदललं असेल. कोण सांगणार?"

त्याच पानावर, नंबरच्या वर, मालकाचं नाव :
वैदेही राजवाडे.
तेही आता कुणी नाही.
ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं होतं ते,
मी समोर बसून वाचलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
त्याच तांदळाचा पुढे भात झाला असणार.
कोर्टातून बाहेर पडले तेव्हा जुनं नाव परत घेतलं,
गाडीच्या कागदांवर मात्र राहून गेलं.
आळस म्हणा.

तर मग कशासाठी जपायचं हे इंजिन?
केणीचा फोन आला, कुर्लेवाला थांबायला तयार नाही.

दलवींनी सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवलं,
वरच्या कडेला अडकलं. मला म्हणाले, बघा.
मीही नख फिरवलं.
पिस्टन जिथून लाखो वेळा मागे वळला
तिथे बारीकसा कठडा.
"अजून एकदा बोअर होईल. एकदाच.
पुढच्या वेळी भिंतच उरणार नाही."

तिसऱ्या गिअरमध्ये, चढाला,
हे इंजिन किंचित खाकरतं
आणि मग मनापासून ओढतं.
त्या खाकरण्याला कुठलाही नंबर नाही.
नवं इंजिन खाकरणार नाही. चांगलंच असेल ते.

करा बोअर, मी म्हटलं.
किती लागतील ते आत्ता सांगू नका.

त्यांनी पावतीपुस्तक ओढलं. नाव काय घालू?
नीलिमा टिपणीस.
त्यांनी लिहिलं, जाड पेन्सिलीने :
नी ऱ्हस्व, ण चा न.
वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवली.